सभा भरते, पण बोलतं कोण?



गळीत हंगाम आटोपला, उसाची बिले हाती पडली, की आपल्याकडे दुसरा एक हंगाम सुरू होतो. तो म्हणजे सभांचा. विकास सोसायटीची सभा, उपसा सिंचन संस्थेची सभा, दूध संस्थेची सभा, ऊसतोडीच्या कार्यक्रमासाठी गटाची बैठक आणि शेवटी ऑगस्ट-सप्टेंबरात कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा. वर्षाकाठी एक शेतकरी लहानमोठ्या दहा-पंधरा सभांना सहज जातो. नांगरट, लागण, बांधणी, खते यांबद्दल आपण एवढे वाचतो, एकमेकांना विचारतो. पण सभा कशी चालवावी याबद्दल कोणी कोणाला विचारलेले ऐकिवात नाही. सभा काय, भरली की आपोआप चालते, असाच आपला समज!

हा समज मला स्वतःला फार महागात पडला. ती हकिगत आधी सांगतो.

पाइप भरायचा वेळ कुणाच्या अंगावर?

काही वर्षांपूर्वी मी एका उपसा सिंचन संस्थेचा चिटणीस होतो. उन्हाळ्याच्या तोंडावर पाण्याच्या पाळ्या ठरवायला बैठक बोलावली. मंदिराच्या ओसरीवर साठ-सत्तर सभासद जमले. पुढे चार खुर्च्या, बाकी सगळे जाजमावर. मी ठराव वाचला : प्रत्येकाला एकरी सारखे तास. तिघे-चौघे नेहमीचे वक्ते बोलले. अध्यक्षांनी विचारले, "कुणाची हरकत?" आणि त्याच दमात म्हणाले, "नाही ना? मग मंजूर." चाळीस मिनिटांत सभा उरकली. चहा झाला. सभा किती सुरळीत पार पडली म्हणून मी स्वतःवरच खूष होतो.

चहाच्या टपरीवर एक वयस्कर सभासद भेटले. त्यांची जमीन पाइपलाइनच्या अगदी टेलला, ओढ्यापलीकडे. ते हळूच म्हणाले, "काय चिटणीस, तास सारखं केलं त्ये बेस झालं. पर लाइट गेली की पाइप रिकामा हुतो. पुन्यांदा भरून आमच्याकडं पानी याला तास-दीड तास जातो. त्यो टाइम कुणाच्या अंगावर?"

मी चमकलो. म्हटलं, "तात्या, मग हे आत का नाही बोललात?"

"इचारलं कुणी?" तात्या म्हणाले, "तुम्ही इचारलं आन् तुम्हीच उत्तार दिलं."

ठराव बुकात चढला होता. अध्यक्षांची सही झाली होती. पुन्हा सभा कुठे बोलवा, म्हणून मी गप्प बसलो. एप्रिल-मेमध्ये व्हायचे तेच झाले. हेडच्या रानात ऊस हिरवागार आणि ओढ्यापलीकडे पाचटासारखा. टेलच्या मंडळींनी पाणीपट्टी थांबवली. पाणीपट्टी थांबली म्हणून वीजबिल थकले, वीजबिल थकले म्हणून सगळ्यांचाच पंप बंद पडला. दोन वर्षे संस्थेत भांडण चालले. सगळ्याचे मूळ एकच. एका माणसाला ठाऊक असलेली गोष्ट चाळीस मिनिटांच्या सभेत बाहेर आली नाही आणि ती काढून घेण्याचे काम ज्याचे, तो मी, घड्याळाकडे पाहत बसलो.

पुण्यात पाहण्यासारखे

आपल्यापैकी पुष्कळ जण कारखान्याच्या किंवा कचेरीच्या कामाने पुण्याला जातात. साखर संकुलाकडे सकाळी लवकर निघालात तर रस्त्यावर ढकलगाड्या घेऊन दारोदार कचरा गोळा करणाऱ्या भगिनी दिसतील. त्यांतल्या पुष्कळ जणी एका सहकारी संस्थेच्या सभासद आहेत, हे आपल्या ध्यानीमनी नसते.

मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांचा मेळावा भरला आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव तिच्या पाठीशी होते आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांतून आधी काम केले होते. या सभासदांपैकी बहुसंख्य स्त्रिया, त्याही दलित समाजातील आणि बहुतेकींना अक्षरओळख नाही. पुढे त्यांतूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली तिने पुणे महापालिकेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला.

यात आपल्याला शिकण्यासारखे काय? पंचायतीचा कारभार वस्तीवस्तीतून निवडलेल्या प्रतिनिधींच्या बैठकींतून चालतो. आता विचार करा. जिथे सभासदाला वाचता येत नाही, तिथे छापील विषयपत्रिका वाटून भागत नाही. विषय तोंडाने, समजेल अशा भाषेत सांगावाच लागतो. ठरले ते पुन्हा तोंडाने म्हणावे लागते, कारण प्रतिनिधीला ते डोक्यात ठेवून वस्तीत जाऊन सांगायचे असते. म्हणजे चांगल्या सभेच्या दोन्ही गोष्टी तिथे गरजेपोटीच कराव्या लागतात. आपण शिकलेले, आपल्या हातात छापील अहवाल असतो. म्हणूनच आपण समजावून सांगण्याचा आळस करतो.

प्रतिनिधीची गोष्ट निघाली म्हणून त्याच पुण्यातील जुना दाखला देतो. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी होत्या. त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, तिचे प्रमुख चालक. सभेचा नियम असा, की ज्याला सभासद व्हायचे त्याने निदान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणायचे. अशा रीतीने ९५ सभासद सुमारे ६,००० लोकांच्या वतीने बसले. मी माझ्या मनाचे बोलत नाही, माझ्यामागे एवढी माणसे आहेत, हे प्रत्येकाला दाखवावे लागे. आज आपला गटप्रतिनिधी बैठकीला जाण्याआधी गटातील किती जणांना विचारून जातो? आणि परत आल्यावर किती जणांना सांगतो? ज्याने त्याने मनाशी उत्तर द्यावे.

सभा चालविणारा म्हणजे दारे धरणारा

सभा चालविणाऱ्याचे काम नेमके काय, हे आपल्याला आपल्याच रानात समजेल. पाटाचे पाणी मोकळे सोडले तर पहिल्या दोन सऱ्या तुडुंब होतात आणि शेवटच्या कोरड्या राहतात. म्हणून दारे धरणारा माणूस लागतो. एक सरी भरली की तो दार मोडतो, दुसऱ्या सरीला लावतो. पाणी त्याचे नसते, ऊसही कदाचित त्याचा नसतो. पण त्याच्यावाचून रान सारखे भिजत नाही. सभेत बोलणे हे पाणी. दोघे-तिघे तोंडाळ सभासद म्हणजे पाटाजवळच्या सऱ्या. त्यांचा दोष नाही, पाणी उताराकडेच धावणार. पण फावडे ज्याच्या हातात आहे त्याने झोपा काढू नयेत.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. दारे धरणाऱ्याची स्वतःची सरी त्या रानात असली, तर त्याचा हात तिकडे वळण्याची भीती असते. आपल्या चळवळीच्या आरंभीचे एक उदाहरण इथे आठवते. १९४५ साली बेलापूर रोडला बागायतदारांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. पुढे विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भाग गोळा केले आणि प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला, १९५०-५१ मध्ये पहिले गळीत झाले. त्या कारखान्याचे पहिले अध्यक्षही गाडगीळच. पुण्यातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक, उसाचा बागायतदार नव्हे. तरी बागायतदारांनी त्याला वर्षानुवर्षे अध्यक्षस्थानी ठेवले. त्यांच्या विद्वत्तेचा उपयोग होताच, पण ज्याचा ऊस कुणाच्या आधी तुटायचा नाही असा माणूस खुर्चीवर असणे याचेही मोल असते.

आपल्या लहान संस्थांना प्राध्यापक आणण्याची गरज नाही. एवढेच करावे : ज्या विषयात अध्यक्षांचे स्वतःचे हित गुंतले असेल, त्या विषयापुरती सभा दुसऱ्याने चालवावी. अध्यक्षांनी जाजमावर बसून इतरांसारखे बोलावे. यात अध्यक्षांचा मान कमी होत नाही, उलट वाढतो.

उसाचा फड कुठे, हे ठरवणारी सभा

धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर जुने बंधारे आहेत. त्यांच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या 'फड' पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. एकात ऊस, दुसऱ्यात दुसरे आणि पुढच्या वर्षी पालट. कोणत्या फडात काय, हे शेतकऱ्यांनीच बसून ठरवायचे. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, ही माणसेही त्यांनीच नेमायची. वरच्या अंगाला मोठी धरणे झाल्यावर त्यांतले बरेच फड मोडकळीस आले, तरी पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिथे ज्याची जमीन उसाच्या फडात येणार नाही, त्याचा होकारही लागतो. कारण त्याने मनात राग धरला तर रात्री पाट फोडायला एक फावडे पुरते! बहुमताने पाणी वाटता येते, पण बहुमताने पाट राखता येत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने तर ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीनेच घ्यायचे असा शिरस्ता घातला. पण त्या गावाची खरी युक्ती निराळी आहे. तिथे अभ्यासगट असतात. विषयाची माहिती काढणे, कायदा काय म्हणतो ते समजून घेणे, उलटसुलट चर्चा करणे हे सारे अभ्यासगटात आधी होते. निर्णय मात्र ग्रामसभेत. आपण दोन्ही कामे एकाच सभेत, तीही भुकेच्या वेळी करायला जातो आणि मग ना माहिती मिळते ना निर्णय होतो.

करून पाहण्याजोग्या काही गोष्टी

पुढील गोष्टींना पैसा लागत नाही. आपल्या गटाच्या बैठकीत एकदा करून पाहाव्यात.

१) विषय थोडे, प्रश्न स्पष्ट. 'पाण्याबाबत विचारविनिमय' असे लिहू नये. 'उन्हाळ्याची पाळी टेलकडून सुरू करायची की हेडकडून?' असे लिहावे. प्रश्न नेमका असला की माणूस घरून विचार करून येतो. एका बैठकीला तीन विषय पुष्कळ झाले. आकडे असतील तर चार दिवस आधी चावडीवर किंवा डेअरीच्या भिंतीवर लावावेत.

२) बैठक गोल असावी. खुर्च्या आणि जाजम असा भेद केला की बोलणाराही वरचा-खालचा होतो. सगळेच जाजमावर किंवा सगळेच खुर्चीवर.

३) आधी शेजाऱ्याशी. चारचौघांत उभे राहून बोलायला ज्याची छाती होत नाही, तो शेजाऱ्याशी मात्र बोलतो. म्हणून विषय मांडल्यावर पाच मिनिटे दोघा-तिघांना आपसात बोलू द्यावे. मग प्रत्येक टोळक्यातून एकाने काय निघाले ते सांगावे. टपरीवर निघणारी गोष्ट ओसरीवर निघते ती अशी.

४) फेरी घ्यावी आणि मोठ्यांनी शेवटी बोलावे. एका टोकापासून प्रत्येकाला दोन मिनिटे. ज्याला बोलायचे नाही त्याने 'पुढे' म्हणावे. संचालक, अध्यक्ष, गावातले वजनदार यांनी सर्वांत शेवटी. दादा एकदा बोलून गेले की मागाहून त्यांच्याविरुद्ध कोण बोलणार? मग ती सभा राहत नाही, होकाराचा कार्यक्रम होतो.

५) ऐकलेले परत म्हणावे. "तात्यांचं म्हणणं असं की पाइप भरायचा वेळ वेगळा धरावा. तात्या, बरोबर ना?" एवढ्याने बोलणाऱ्याला आपले ऐकले गेले असे वाटते आणि तो तेच तेच पुन्हा सांगत बसत नाही. निम्म्या सभा लांबतात त्या यामुळेच.

६) विषयांतर झाले तर फळ्यावर. पाण्याच्या बैठकीत कोणी रस्त्याचे काढले, तर त्याला गप्प बसवू नये. फळ्यावर एका कोपऱ्यात 'पुढच्या वेळी' म्हणून लिहावे. आणि पुढच्या वेळी खरोखरच घ्यावे, नाहीतर त्या फळ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

७) 'हरकत कोणाची?' असे विचारून थांबावे. मनात दहा आकडे मोजावेत. आणखी चांगले म्हणजे प्रश्न उलटा करावा : "असे केले तर कोणाला अडचण येईल?" हरकत घेणे म्हणजे विरोध करणे, असे आपल्याकडे समजतात, अडचण सांगायला कोणाला संकोच वाटत नाही.

भगिनींविषयी दोन शब्द वेगळे लिहितो. कित्येक घरी भाग पत्नीच्या नावावर असतो आणि सभेला पती जातात. खुरपणी, लागण, जनावरे यांचा निम्म्याहून अधिक भार जिने उचलला, ती सभेत दिसत नाही. आली तरी मागच्या रांगेत पदर सावरून बसते. तिला 'तुम्हीही बोला' म्हणून भागत नाही. बैठकीची वेळ धारेच्या आणि स्वयंपाकाच्या वेळी ठेवू नये आणि चार-पाच भगिनींनी एकत्र बसून आपले म्हणणे आधी ठरवावे. एकटीला धीर होत नाही, पाचजणींना होतो.

हल्ली मोबाइलवरच्या ग्रुपवर ठराव टाकून अंगठे मोजायची रीत पडली आहे. निरोप द्यायला ग्रुप उत्तम. पण अंगठा उठला म्हणजे चर्चा झाली असे समजू नये. पूर्वी न वाचता अंगठा उठवून आपल्या आजोबा-पणजोबांच्या जमिनी गेल्या, हे विसरू नये.

भांडण झाले तर?

होणारच. जिथे पाणी, तोड आणि पैसा यांचा प्रश्न आहे तिथे आवाज चढणारच. आवाज चढला म्हणून सभा गुंडाळणे हा उपाय नव्हे. सभा चालविणाऱ्याने माणूस आणि मुद्दा यांची फारकत करावी. "चिटबॉयने पैसे घेतले" असा आरोप झाला, तर आधी विचारावे, "कोणत्या तारखेची तोड, कोणाची आधी झाली, लागणीची नोंद कधीची?" तारखा फळ्यावर मांडल्या की अर्धे भांडण निवते आणि उरलेले अर्धे खरे असेल तर तेही उघडे पडते. दोन्ही परवडले. दडपलेले भांडण मात्र परवडत नाही. ते पुढे निवडणुकीत निघते.

वहीत काय चढले?

सभा संपण्याआधी इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवावे. 'चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर' या चार शब्दांनी आपल्या सहकाराचे जेवढे नुकसान केले, तेवढे तांबेऱ्यानेही उसाचे केले नसेल. काय ठरले, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, या तीन गोष्टी हव्यातच. पुढची बैठक त्याच यादीपासून सुरू करावी. ज्याने काम केले त्याचे नाव घ्यावे. ज्याचे राहिले त्याला चारचौघांत झापण्याऐवजी काय अडले ते विचारावे.

आपली वार्षिक सभा

हजारो सभासदांच्या सभेत फेरी घेता येत नाही, हे खरे. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. २० गुंठेवाल्याचे आणि २० एकरवाल्याचे वजन तिथे सारखे. १८४४ साली इंग्लंडात रॉचडेलच्या २८ जणांनी एक दुकान काढताना जी वाट घातली, ती हीच. ही देणगी आपण 'मंजूर, मंजूर'च्या आरोळीत घालवतो किंवा 'नामंजूर'च्या गोंधळात. दोन्हींत ताळेबंद न वाचताच घरी जातो.

यावर उपाय सभेच्या दिवशी नाही, आधी आहे. अहवाल हाती आला की गटातल्या दहा-पंधरा जणांनी एक संध्याकाळ बसावे. साखर उतारा, तोडणी-वाहतुकीचा खर्च, कर्ज, ऊसदर ही चार पाने एकाने मोठ्याने वाचावीत. जे समजले नाही ते लिहून, नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी प्रश्न म्हणून द्यावे. दहा गटांनी दहा नेमके प्रश्न दिले तर सभामंडपात आरडाओरडीची गरज उरत नाही आणि उत्तर देणाऱ्यालाही तयारी करून यावे लागते.

तात्यांचे उत्तर

आमच्या उपसा संस्थेचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. दोन वर्षे पंप बंद राहिल्यावर शहाणपण आले. पुन्हा बैठक बोलावली. या खेपेला खुर्च्या ठेवल्या नाहीत. फेरी टेलकडून सुरू केली. पहिले बोलले तात्या. त्यांचे म्हणणे मी दोनदा परत म्हटले. हेडवाल्यांची अडचणही निघाली : पाइप भरण्याच्या तासांचे वीजबिल आम्ही का भरावे? त्यावर तास-दीड तास खल झाला. शेवटी ठरले असे, की पाणी शेतात पडल्यापासून तास मोजायचे आणि पाइप भरण्याचे बिल सगळ्यांनी एकरी वाटून घ्यायचे. दोघेजण नाखूष होते, पण त्यांनी तसे सांगून 'चालेल' म्हटले. सभा तीन तास चालली. चहा दोनदा करावा लागला.

बाहेर पडताना तात्यांना म्हटलं, "आज लई वेळ गेला."

तात्या म्हणाले, "जाऊ द्या की. मागल्या बारीला चाळीस मिन्टं वाचवली, आन् दोन वर्सं घालवली."

येत्या हंगामाआधी आपल्या गटाची बैठक होईल. त्या वेळी प्रत्येक सभासदाने एवढे करावे. स्वतः बोलावे आणि आपल्या शेजारी जो गप्प बसला आहे त्याला विचारावे, "तुमचं काय म्हणणं?" पाचामुखी परमेश्वर आपण म्हणतो खरे; पण त्यासाठी पाचही मुखे उघडली पाहिजेत.